बोटाआधी अक्षर

१

झाहारी स्तानेव्हच्या घरात माणसं दोन आणि कीबोर्ड एकवीस. बाविसावा आला त्या दिवशी सगळ्या इमारतीत भाजक्या मिरच्यांचा वास कोंदला होता. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. रूसे शहरात या दिवसांत ज्या घरातून मिरचीचा वास येत नाही ते घर एक तर कुलूपबंद असतं, नाही तर तिथे कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं. झाहारीच्या समोरचं घर कुलूपबंदच होतं, मंडळी स्पेनला गेलेली. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर वास आला की तो झाहारीच्या आईचा, वासिल्काबाईंचा, हे जिन्यातल्या सगळ्यांना ठाऊक.

झाहारीचा धंदा ऐकून लोक आधी हसायचे. शेहेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, सुटलेल्या पोटाचा बाप्या कॅमेऱ्यासमोर बसून कीबोर्ड बडवतो आणि हजारो पोरं ते बघतात! नामांकित कंपन्यांचे महागडे कीबोर्ड तपासणारे पुष्कळ होते. झाहारी फक्त स्वस्तातले तपासायचा, ज्यांची नावं बनवणाऱ्यांच्या बायकांनीही ऐकली नसतील असे. खेळणाऱ्या पोरांचा त्याच्यावर भरवसा होता, कारण तो वाईटाला वाईट म्हणायचा आणि तेही चवीने. "हे बटण दाबलं की ओल्या पावावर बसल्यासारखं वाटतं," असं तो एकदा म्हणाला आणि त्या कंपनीने पुन्हा त्याला खोकं पाठवलं नाही.

बाविसाव्याचं नाव ‘हुल्मार’. काळा, जड, प्रत्येक बटणाखाली दिवा, किंमत एकोणसाठ लेव्हा. खोक्यावर कंपनीचा पत्ता नाही, फक्त एक पिवळी वीज काढलेली.

झाहारीची पद्धत ठरलेली. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. मग दोन बटणं उपटून खालचा स्विच बघायचा. मग आवाज. मग आईची कसोटी, आणि सगळ्यात शेवटी वेगाची.

वासिल्काबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. छत्तीस वर्षं नगरपालिकेच्या कचेरीत टंकलेखिका होत्या. पाठ ताठ, दहाही बोटं कामाला, नजर समोरच्या भिंतीवर. नवा कीबोर्ड आला की त्या त्यावर ल्युतेनित्साच्या, म्हणजे भाजक्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्यांना लावायच्या चिठ्ठ्या लिहायच्या: काय, कधी, किती तिखट.

"कसा आहे?" झाहारीने विचारलं.

"कसा असायचा? यंत्र आहे." त्यांनी आणखी एक ओळ ठोकली. "दिवे मात्र बरे आहेत हो. अक्षर दिसतं. मागच्या त्या डबड्यावर मी मिरचीऐवजी काय लिहिलं होतं, आठवतंय ना?"

"ती चिठ्ठी मी जपून ठेवलीय."

"गप्प बस मेल्या. आईशी बोलतोयस."

वासिल्काबाईंच्या दोन खोडी कचेरीने लावलेल्या होत्या आणि त्या मरेपर्यंत जाणार नव्हत्या. एक म्हणजे, कचेरीतल्या जुन्या यंत्रावर तीनचा आकडाच नव्हता. इथल्या लिपीतलं ‘झ’चं अक्षर हुबेहूब तिनासारखं दिसतं, म्हणून सगळ्या टंकलेखिका तिनाच्या जागी तेच ठोकायच्या. कागदावर कुणाला फरक कळायचा नाही. पण संगणकाला कळतो. झाहारीने मागे एकदा २०१३च्या चिठ्ठ्या शोधायला सांगितल्या तर यंत्र म्हणालं, अशी एकही नाही. यंत्राच्या मते वासिल्काबाईंनी त्या वर्षी एकही बरणी भरली नव्हती. माय-लेक पोट धरधरून हसले होते. झाहारीचं स्वतःचं नावही त्याच अक्षराने सुरू होतं. शाळेत जाईपर्यंत त्याची समजूत होती की आपल्या नावाच्या सुरुवातीला तीनचा आकडा येतो.

दुसरी खोडी बोटांची. समोर कुणी बोलत असेल किंवा मनात काही घोळत असेल, तर बाईंची बोटं जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडावर ते सगळं टंकत बसायची. पाचव्या मजल्यावरची स्तान्का म्हणायची, "वासिल्काशी भांडायची सोय नाही. ती लगेच जबानी लिहून घेते."

२

वेगाची कसोटी म्हणजे काय, तर बोट बटणावर आपटल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत किती वेळ जातो ते मोजायचं. खेळणाऱ्या पोरांचा जीव एवढ्याशा वेळात अडकलेला असतो. झाहारी फोनचा कॅमेरा असा लावायचा की एकाच चौकटीत बोटही दिसेल आणि पडदाही. सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं. मग एकेक चित्र पुढे सरकवत मोजायचं. महागडा कीबोर्ड दोन-तीन चित्रं घेतो, स्वस्तातला आठ-दहा.

हुल्मारने शून्य घेतली.

झाहारीने चष्मा पुसला. पुन्हा चित्रीकरण केलं. एकशे सतराव्या चित्रात पडद्यावर अक्षर होतं. एकशे अठराव्या चित्रात बोट बटणाला लागलं.

त्याने ते चित्र पुढे नेलं, मागे आणलं. बोट हवेत. खाली बटण, बटणाखालचा दिवा पेटलेला. वर पडद्यावर अक्षर. आणि बोट अजून हवेतच.

त्याने ओग्न्यानला फोन लावला. ओग्न्यान त्याचा शाळेपासूनचा दोस्त, बाजारात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवायचा.

"ओग्न्या, एखादा कीबोर्ड बोट पडायच्या आधी अक्षर काढेल का रे?"

"काढेल की. तू दोन पेले मारलेस की सगळेच काढतात."

"सकाळचे दहा वाजलेत."

"मग मला न बोलावता बसलास? लाज वाटत नाही?"

झाहारीने सगळं नीट सांगितलं. ओग्न्यान म्हणाला, बटण अर्ध्यात लागत असेल, तुला दिसत नसेल. नाही तर तुझा फोन चित्रं गाळत असेल. झाहारीला बरं वाटलं. माणसाला कारण मिळालं की ते खरं असायची गरज नसते. त्याने ताडून बघायला कपाटातले जुने तीन कीबोर्ड काढून त्याच फोनने मोजले. आठ, नऊ, अकरा. फोन शहाण्यासारखा वागत होता.

मग पुन्हा हुल्मार. या खेपेला अक्षर चार चित्रं आधी आलं.

झाहारीने वहीत ‘उणे चार’ असं लिहिलं आणि त्या दोन शब्दांकडे बघत बसला. इतक्या वर्षांत त्याने वहीत पुष्कळ वाईट शेरे लिहिले होते. यासाठी त्याच्याकडे शेराच नव्हता.

३

आठवडा संपेतो कॅमेऱ्याची गरज उरली नाही.

दिवा लागायचा, अक्षर उमटायचं, आणि मग झाहारीचं बोट त्या बटणावर जायचं. त्याला वाटायचं, आपण ठरवूनच दाबतोय. अंतर वाढत वाढत सेकंदावर आलं, मग दोन सेकंदांवर. झाहारी काय लिहिणार ते हुल्मार त्याच्या आधी लिहून ठेवत होता, आणि झाहारी मागून मुकाट्याने ते गिरवत होता. तो नेहमीचा मजकूर सोडून मधेच भलतंच काही लिहायला जायचा, तर ते भलतंच पडद्यावर तयार असायचं, त्याच्या चुकांसकट.

भीती वाटायला हवी होती. पण झाहारी पडला परीक्षण करणारा. त्याला आधी वाटलं, असला व्हिडिओ जगात कुणी केला नसेल.

रविवारी दुपारी त्याने ओग्न्यानला जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी हुल्मारसमोर बसवलं. ओग्न्यानने तार तपासली, आतले सगळे कार्यक्रम बंद केले, इंटरनेट तोडलं, खुर्चीखालीसुद्धा वाकून बघितलं.

"कुणीतरी तुझी टिंगल करतंय," तो म्हणाला. "आणि करावीच, मीही केली असती."

"बघ तर खरं."

दोघे हात मांडीवर ठेवून बसले. मिनिटभराने एका कोपऱ्यातल्या बटणाचा दिवा लागला आणि पडद्यावर ‘फ’ उमटला. फारसं न लागणारं अक्षर.

"आता ते दाबूच नकोस," ओग्न्यान म्हणाला. "बघू काय करतोय ते. हात खिशात घाल. माझेही घातले. आता ये म्हणावं."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. ओग्न्यान हसायला लागला. "हरला! झाहारी, तुझा कीबोर्ड हरला रे! लिही, परीक्षणात लिही."

तेवढ्यात वासिल्काबाई दारात आल्या. दोन्ही हातांत भाजलेल्या मिरच्यांनी गच्च भरलेला तवा, कडेने वाफ. "सरका, सरका! हात भाजतोय माझा! कुठे ठेवू?"

"इकडे, मावशी, इकडे," म्हणत ओग्न्यान झटकन उठला आणि टेबलावर जागा करायला त्याने कीबोर्ड एका हाताने उचलून बाजूला केला.

कट्ट असा आवाज झाला.

तवा टेबलावर टेकला. वासिल्काबाई फुंकर मारत निघून गेल्या. ओग्न्यान तसाच उभा होता, कीबोर्ड हातात, अंगठा कोपऱ्यातल्या बटणावर. अगदी खाली रुतलेला.

दोघांनी पडद्याकडे बघितलं. दुसरा ‘फ’ उमटला नव्हता. पहिला होता तेवढाच होता. आधी आलेल्या अक्षराला फक्त बोट हवं होतं, आणि ते आता मिळालं होतं.

ओग्न्यानने कीबोर्ड खाली ठेवला तो काचेचा असल्यासारखा. "फेकून दे हे," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. तो जेवायला थांबला नाही. वासिल्काबाई जिन्यावरून ओरडत राहिल्या, "अरे, बरणी तरी ने! काय पोरं ही, आली काय, गेली काय!"

४

जिन्यातलं कुणी वारलं की इमारतीच्या दारावर त्याचा फोटो असलेला कागद लागतो. चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, वर्षाने आणखी एक. पूर्वी ‘ब’ जिन्याचे हे कागद वासिल्काबाई कचेरीतल्या यंत्रावर करून आणायच्या. आता झाहारी करायचा, छापायचं यंत्र त्याच्याकडेच होतं. मजकूर मात्र आईचाच होता, चाळीस वर्षांत एका शब्दाने बदललेला नाही. वय त्या घालायच्या नाहीत. "मेल्यावरसुद्धा बायकांना आवडत नाही," म्हणायच्या. आणि नाव कधीच यंत्रावर काढायच्या नाहीत. नावाच्या जागी टिंबांची ओळ, आणि छापून झालं की त्यावर शाईच्या पेनाने स्वतः नाव लिहायच्या. यंत्राला माणसाचं नाव कळू देऊ नये, एवढंच कारण सांगायच्या.

बुधवारी स्तान्का नवऱ्याच्या चाळिसाव्याचा कागद करायला फोटो घेऊन आली. झाहारीने तो जुन्या कीबोर्डवर केला, आपल्या चार बोटांनी, अडखळत, खोडत.

"तुझ्या आईच्या हाताखाली हे काम कसं लोण्यासारखं व्हायचं," स्तान्का म्हणाली. "तू म्हणजे कोंबडी दाणे टिपतेय."

"स्तान्कामावशी, काका असते तर म्हणाले असते, पोराला कॉफी तरी पाज."

"काका असते तर मी इथे कशाला आले असते, गाढवा?" ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, झाहारीने व्हिडिओसाठी तीन कॅमेरे लावले आणि हुल्मारची तार शेवटची जोडली. त्याची नोंद ठेवणारा कार्यक्रम सुरू होता. पडद्यावर जे उमटेल ते आपोआप साठवायचं, फाइलला नुसता अनुक्रमांक द्यायचा, एवढंच तो करी. झाहारी हात मांडीवर ठेवून बसला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. स्वयंपाकघरात आई रेडिओबरोबर गुणगुणत होती.

दिवे लागायला लागले.

एकामागून एक, कुठे न थबकता, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, सारख्या चालीने. ओळ संपली की मोठ्या बटणाचा दिवा, की पुढची ओळ. झाहारीच्या डोक्याचा एक कोपरा अजून परीक्षणच करत होता: दिवे सगळे सारख्या उजेडाचे आहेत, हे लिहायला हवं. मग त्याने वर पडद्याकडे बघितलं.

खोल दुःखाने कळवतो की
. . . . . . . . . . . . .
यांनी आमचा कायमचा निरोप घेतला.
अंत्यविधी २३ ऑक्टोबर २०२३, दुपारी १३ वाजता.
ब जिना, ३ रा मजला.
शोकाकुल घरचे.

झाहारी उठला तेव्हा खुर्ची मागे आडवी झाली. त्याने तार ओढून काढली. पडदा तसाच राहिला. जे आलं होतं ते आलं होतं.

तिसरा मजला. समोरचं घर कुलूपबंद.

"काय पाडलंस रे?" आतून आई ओरडली.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि आज एकोणीस तारीख होती.

५

शुक्रवारी सकाळी आठ वाजता झाहारी आईला दवाखान्यात घेऊन गेला. लिफ्ट महिनाभर बंद. तीन मजले उतरताना त्याने तिला असं धरलं होतं की शेवटी ती म्हणाली, "सोड मला, नाही तर आपण दोघं मिळून पडू."

डॉक्टरीणबाईंनी कागदाची पट्टी काढली, रक्तदाब बघितला, दोनदा बघितला. "आजी, तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे."

"मला ठाऊक आहे ते. याला सांगा. याने माझी मिरच्या भाजायची भट्टी लपवलीय. सुऱ्या लपवल्यात. आंघोळीला गेले तर दाराबाहेर उभा राहून विचारतो, आई, आहेस ना?"

"काळजी करतो लेक."

"लग्न केलं असतं तर बायकोची केली असती."

डॉक्टरीणबाई हसल्या, मग झाहारीकडे बघून त्यांचं हसू जरा ओसरलं. "तुम्हाला फार घाम आलाय. बसा, तुमचंही बघू."

"मला काय धाड भरलीय," झाहारी म्हणाला. "आईचं पुन्हा एकदा बघा."

घरी आल्यावर त्याने शांत डोक्याने विचार केला, म्हणजे आपलं डोकं शांत आहे असं त्याला वाटलं. अक्षराला बोट लागतं. बोट पडल्याशिवाय ते पुरं होत नाही. ‘फ’ला ओग्न्यानचा अंगठा मिळाला. या कागदाला कुणाचं बोट मिळणार? जिन्यातले कागद कोण करतं? झाहारी. मग झाहारीने एकही बटण दाबलं नाही तर? मजकूर लटकत राहील. तेवीस तारीख येईल आणि हात हलवत निघून जाईल.

त्याने घरातले सगळे कीबोर्ड खोक्यांत भरले आणि खाली तळघरातल्या कोठीत नेऊन ठेवायला लागला. एकेका खेपेला चार-पाच खोकी. तीन मजले खाली, तीन वर. शेवटच्या खेपेनंतर तो पायरीवर बसला. डावा हात खांद्यापासून भरून आला होता. एकवीस खोकी उचलली तर हात भरून येणारच, असं म्हणत त्याने तो चोळला.

संध्याकाळी आईने वालाचं सार वाढलं.

"झारो," ती म्हणाली. लाडात आली की ती झारो म्हणायची. "तुला काय झालंय? मला सांग."

"काही नाही. तू फक्त सोमवारपर्यंत घरात बस."

"सोमवारी काय आहे?"

"सोमवारी काहीच नाही. म्हणूनच."

मेणकापडावर तिची बोटं हलत होती.

६

शनिवारी सकाळी उठल्याबरोबर त्याच्या मनात आलं, तो मजकूर यंत्रात अजून आहे. तो पुसला पाहिजे. साठवलेल्या फायली सत्तरच्या वर, सगळ्यांना नुसते आकडे. एकेक उघडत बसायचा त्याला धीर नव्हता. बटण न दाबण्याचा निश्चय होताच, म्हणून त्याने पडद्यावर कीबोर्डचं चित्र आणलं आणि माउसने एकेक आकडा टिपून शोधायला सांगितलं: २३.

यंत्र म्हणालं, असा मजकूर कुठेही नाही.

झाहारीला एकदम हलकं वाटलं. गेला! पुसला गेला! मग त्याने खात्रीसाठी ‘शोकाकुल’ शोधलं. फाइल क्रमांक चौसष्ट. उघडली. सगळा मजकूर जागच्या जागी. अंत्यविधी २३ ऑक्टोबर २०२३.

त्याने पुन्हा २३ शोधलं. नाही. २०२३ शोधलं. नाही. १३ शोधलं. नाही.

मजकूर डोळ्यांसमोर होता आणि यंत्र शपथेवर सांगत होतं की यात तीनचा आकडा नाही.

हे त्याने पूर्वी कुठेतरी बघितलं होतं. हसत बघितलं होतं. पोट धरून.

झाहारीने तो तीन मोठा केला. आणखी मोठा केला. पडदाभर केला. वरचं टोक गोलसर, आत वळलेलं. शेजारी खरा तीन आणून ठेवला. दोन्ही सारखे, आणि तरी सारखे नव्हते. तो आकडा नव्हता, अक्षर होतं. सगळ्या तिनांच्या जागी तेच अक्षर.

तो मनातल्या मनात गुरुवारची सकाळ पुन्हा बघत गेला. सारख्या चालीने पळणारे दिवे. एकदाही न थबकता. त्याने कधी आयुष्यात असं टंकलं होतं? कोंबडी दाणे टिपतेय, स्तान्का म्हणाली होती. एकही चूक नाही, एकही खोडणं नाही. दहा बोटं, ताठ पाठ, भिंतीवर नजर.

हा कागद तो लिहिणार नव्हता. आई लिहिणार होती.

घरात माणसं दोन. त्यातलं एक लिहिणार. मग टिंबांच्या ओळीवर नाव कुणाचं?

तीन दिवस तो दारात पहारा देत उभा होता, पाठ स्वतःकडे करून.

त्याला वाटलं, ओरडावं. छातीतून आवाजच निघेना, तिथे काहीतरी आवळून बसलं होतं. डावा हात मेजावरून आपोआप घसरला. आणि मग, त्या शांततेत, त्याला ऐकू आलं.

कट्ट. कट्ट. कट्ट. कट्ट.

स्वयंपाकघरातून. एकसारखं.

एकवीस खोकी नेली होती त्याने खाली. एकवीस. तळघरात दोनदा मोजली होती आणि आकडा ओळखीचा वाटला म्हणून निर्धास्त झाला होता. कारण हुल्मार यायच्या आधी त्याच्या घरात एकवीसच कीबोर्ड होते.

तो भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. ऊन सरळ टेबलावर पडलं होतं. ओळीने धुतलेल्या बरण्या पालथ्या घातलेल्या. वासिल्काबाई पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या, पुढ्यात हुल्मार. तार नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली, कशालाच न जोडलेली. एकही दिवा पेटलेला नव्हता. बटणं तेवढी खाली जात होती, वर येत होती.

"आई." आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही. "आई, थांब. काय लिहितेयस?"

"काही नाही रे." त्यांची नजर समोरच्या भिंतीवर. "याला कुठे काय जोडलंय? तू सगळे घेऊन चाललास, म्हटलं हा एक माझ्यासाठी राहू दे. बटणं छान आहेत, हात बसवतेय."

"काय लिहितेयस पण?"

"काय माहीत. बोटं चालतात." कट्ट कट्ट कट्ट, मग मोठं बटण. पहिली ओळ संपली. मग एकच बटण पुन्हा पुन्हा, टिंब, टिंब, टिंब, लांबलचक ओळभर. मग शेवटचा मजकूर, न थबकता. शेवटच्या बटणावरून त्यांनी बोट उचललं, आणि एखादं काम हातावेगळं झाल्यासारखा कीबोर्ड पुढे सरकवला.

झाहारी चौकटीला टेकून खाली सरकत होता. आपण बसतोय की पडतोय हे त्याला कळत नव्हतं.

वासिल्काबाईंची नजर अजून भिंतीवरच होती. त्यांचा उजवा हात उठला. पेन धरावं तशी बोटं जुळली. मेणकापडावर, हुल्मार होता त्या जागेवर, त्यांनी तर्जनीने सावकाश एक वळण काढलं, त्याच्या खाली दुसरं.

तीन.

झाहारीने सगळा जीव एकवटला. "आई," तो म्हणाला, "तारीख खाली आहे. तिथे नाव येतं. आधी नाव."

"हो ना," वासिल्काबाई म्हणाल्या आणि बोट न उचलता पुढचं अक्षर काढू लागल्या. "नावच लिहितेय."